अ‍ॅबर्डीनचा खासदार आणि मुळा-मुठेचा मासा

फेब्रुवारी लागताच स्कॉटलंडमधील डी नदीवर सामन माशाचा हंगाम उघडतो. काठावर बर्फ असते, पाण्याने हाडे गोठतात. तरीही माणसे कमरेइतक्या प्रवाहात उभी राहून दोन्ही हातांनी धरायची लांबलचक काठी फिरवीत असतात. दोरीच्या टोकाला गांडूळ नसते, कणकेची गोळी नसते. तिथे असते पिसे, रेशीम आणि चकाकती तार गळाभोवती गुंडाळून तयार केलेली एक ‘माशी’. त्याच दिवसांत वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा हळूहळू आटू लागते, आणि उन्हाळा चढेल तसे मासे उरल्यासुरल्या डोहांत गोळा होतात.

या दोन नद्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे नकाशा पाहून कोणी म्हणणार नाही. संबंध मात्र आहे. तो समजून घ्यायचा तर सुरुवात पेशवाईच्या अखेरीपासून करावी लागते. धागा मोठा आहे.

डी नदी अ‍ॅबर्डीन शहरापाशी समुद्राला मिळते. १८५७ पासून १८७२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, या शहराचा ब्रिटिश पार्लमेंटमधील प्रतिनिधी होता कर्नल विल्यम हेन्री सायक्स. हा मूळचा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने होता. राज्य बदलले आणि नव्या मुलखाची मोजदाद सुरू झाली, तेव्हा १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, लोकसंख्या, पाऊस यांची नोंद करता करता त्याने पक्षी आणि मासेही नोंदविले. जिंकलेल्या प्रदेशाची यादी करताना नदीतला मासासुद्धा यादीत आला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढची कथा उलगडते.

‘दख्खनचे मासे’ या विषयावरील सायक्सचे लेखन लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केले. त्यातील १८३९ च्या नोंदींत एक मोठ्या खवल्यांचा, भक्कम अंगाचा मासा आहे. तो त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता. त्याचे नाव त्याने ठेवले ‘खुद्री’. आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत हा मासा ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. इंग्रजीत डेक्कन महसीर, आणि आपल्याकडे कुठे खडशी, कुठे खडस, कुठे नुसता महसीर.

सायक्सने बहुतेक नावे स्वतः रचली नाहीत. शिंगटी, कोळस, नुक्ता ही त्याच्या यादीतली लॅटिन पोशाखातली नावे कोणाही मराठी माणसाला ओळखीची वाटतील. नदीकाठच्या मासेमारांनी जे सांगितले ते त्याने आपल्या कानाला जसे लागले तसे रोमन लिपीत उतरविले. परिणाम असा की भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द विज्ञानात कायमचे राहिले. ज्यांनी मासा हातात दिला आणि त्याचे नाव सांगितले, ती माणसे मात्र त्या पानांवर नाहीत. शास्त्रीय नावापुढे कंसात लिहिले जाते ते ‘सायक्स’.

त्याने कधी डी नदीवर सामन धरला की नाही, याने या कथेत काही फरक पडत नाही. मुळा-मुठेच्या माशाला नाव देणारा माणूस सामनच्या नदीमुखाशी वसलेल्या शहराचा खासदार व्हावा, हा योगायोगच. पण साम्राज्यात असे योगायोग फार घडत, कारण माणसे तीच असत. दख्खनमध्ये कलेक्टर, कर्नल किंवा इंजिनिअर म्हणून वावरणाऱ्या अनेकांचे बालपण आणि सुट्ट्या ब्रिटनमधील नद्यांवर गेलेल्या असत. हातात काठी होती, डोळ्यांसमोर सामन होता. फक्त नदी बदलली होती.

सामन हा मासाच विलक्षण आहे. तो गोड्या नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्याच नदीत परततो. वसंताच्या आरंभी नदीत शिरणारे सामन सर्वांत मानाचे, कारण ते समुद्रातून नुकतेच आलेले, चांदीसारखे झळाळणारे आणि ताकदवान असतात. अंडी घालण्याची वेळ येते शरदाच्या अखेरीस. तोपर्यंत कित्येक महिने हे मासे नदीत जवळजवळ उपाशी राहतात. मग जो मासा खातच नाही तो पिसांच्या माशीला तोंड का लावतो? चिडून, की जुन्या सवयीने? कोळ्याच्या दृष्टीने असल्या माशामागे गळ घेऊन तासन् तास उभे राहणे शुद्ध वेडेपणा ठरेल. पण एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सद्गृहस्थाला नेमके तेच हवे होते. पोटासाठी धरलेला मासा आणि खेळ म्हणून धरलेला मासा या दोहोंमध्ये त्याने एक रेघ ओढली होती, आणि त्या रेघेला नैतिक वजनही होते.

स्कॉटलंडमध्ये या रेघेला कायद्याचा आधार होता. तेथे सामन धरण्याचा हक्क मुळात राजाचा. राजाने ज्याला दिला त्याचा. नदीकाठी जमीन आहे म्हणून सामन आपला होत नाही. सामनच्या पिलांची वाट अडविणाऱ्या सापळ्यांवर रॉबर्ट ब्रूसच्या कारकिर्दीत, १३१८ मध्येच, निर्बंध आले होते. एकोणिसाव्या शतकात १८६२ आणि १८६८ च्या कायद्यांनी नद्यांचे जिल्हे, मंडळे आणि बंदीचे दिवस पक्के केले. रात्री मशाल आणि भाला घेऊन नदीत उतरणारा गावकरी हा आता चोर होता. त्याचा आजाही तेच करीत होता, हे न्यायालयात ऐकून घेतले जात नसे.

ही सगळी शिदोरी घेऊन अधिकारी हिंदुस्थानात आले. येथे सामन नव्हता. तेव्हा त्यांनी महसीरला सामन केले.

हे काम सर्वांत परिणामकारकपणे केले ते हेन्री सुलिवन थॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने. दक्षिण कानडा जिल्ह्यात कलेक्टर असलेल्या थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि पुढे गळ टाकणाऱ्या गोऱ्यांच्या दोन पिढ्यांचे ते मार्गदर्शक ठरले. महसीर आकारमानाच्या मानाने सामनपेक्षाही अधिक झुंज देतो, असे त्याचे मत होते. या मताने महसीरचे भाग्य उजळले. जो मासा गावात इतर माशांसारखा खाल्ला जात होता, तो एकाएकी ‘हिंदी सामन’ झाला. हिवाळा सरल्यावर, पावसाळी गढूळपणा जाऊन पाणी निवळले की त्याचा हंगाम धरला जाऊ लागला. इकडचा वसंत तिकडच्या वसंताशी जुळविला गेला.

(मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जातो तो रावस. तो समुद्रातला, खाडीतला मासा. सामनशी त्याचे नाते नाही आणि महसीरशीही नाही. हे एकच उसने नाव एका देशात दोन वेगवेगळ्या माशांना मिळाले.)

वास्तविक महसीर हा रोहू-कटल्याच्या कुळातला. तो समुद्र पाहतही नाही. पूर आला की तो मुख्य नदीतून वरच्या ओढ्या-उपनद्यांकडे चढतो, तेथे दगडगोट्यांत अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागले की खाली परततो. फळे, गोगलगायी, खेकडे, लहान मासे असे जे मिळेल ते खातो. सामनशी साम्य म्हणाल तर प्रवाहाविरुद्ध चढण्याचे आणि गळाला लागल्यावर करावयाच्या धडपडीचे. वजनात मात्र तो सामनला मागे टाकतो. ब्रिटनमध्ये काठीने धरलेला सर्वांत मोठा सामन ६४ पौंडांचा. तो १९२२ मध्ये टे नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन या तरुणीने धरला. कावेरीच्या खोऱ्यातील कबिनी नदीत १९४६ मध्ये गळाला लागलेला महसीर १२० पौंडांचा होता.

नाव तिकडून इकडे आले, तसे इकडून तिकडेही काही गेले. सामनसाठी बांधल्या जाणाऱ्या माशांपैकी ‘जॉक स्कॉट’ ही फार प्रसिद्ध. ट्वीड नदीवरच्या एका नोकराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती प्रथम बांधली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या पंखांच्या दोन्ही बाजूंना लावली जातात राखी रानकोंबड्याच्या मानेवरची पिसे. हा आपल्या सह्याद्रीतला, दक्षिण आणि मध्य भारतातील रानांमधला पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकावा तसे पिवळसर-पांढरे चकाकते ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. व्हिक्टोरियन काळात या पिसांना एवढी मागणी होती की स्कॉटलंडच्या नद्यांवर गळ टाकणाऱ्या कित्येकांच्या पेटीत हा भारतीय पक्षी तुकड्या-तुकड्यांनी भरलेला असे. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे आणि कातडी परदेशी पाठविण्यास मनाई केली. हौस काही संपली नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, आणि त्या चोरीमागे जुन्या पद्धतीच्या सामन-माशा बांधण्याचाच छंद होता.

आता पुन्हा १८७३ कडे. थॉमसचे पुस्तक निघाले त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरचा अहवाल कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणच्या गोऱ्या आणि देशी अधिकाऱ्यांकडे प्रश्न पाठवून त्याने माहिती गोळा केली होती. निष्कर्ष असा, की बारीक जाळी, ओढ्यांच्या तोंडाशी लावलेले सापळे आणि पिलांची सरसकट मासेमारी यांमुळे मासे कमी होत आहेत. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. वर चढणाऱ्या माशाची वाट दाट सापळ्यांनी अडविली तर पुढच्या वर्षी मासा कोठून येणार? परंतु जंगलतोड, बंधारे, कालवे यांनीही नद्या बदलत होत्या. बोट उचलणे सर्वांत सोपे होते ते जाळ्याकडे.

या विचारांना कायद्याचे रूप मिळाले १८९७ मध्ये. त्या वर्षीच्या चौथ्या अधिनियमाने, म्हणजे इंडियन फिशरीज अ‍ॅक्टने, पाण्यात डायनामाइट किंवा अन्य स्फोटके उडवून, तसेच विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरविले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. डोळ्यांदेखत गुन्हा घडला आणि माणसाने नाव-गाव सांगितले नाही, तर पोलिसाला वॉरंटाशिवाय अटक करता येई. जाळ्याच्या आसाचे माप ठरविण्याचा आणि कायमचे सापळे रोखण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

या दोन बंद्या एकाच कायद्यात बसल्या, तरी त्यांची कुळकथा निराळी आहे. डायनामाइट १८६७ मधले; ते नदीकाठी पोचले ते रस्ते, रेल्वे, पूल आणि खाणींच्या कामांबरोबर. एका बाराने आख्खा डोह रिकामा करणारे हे साधन गावाच्या परंपरेतले नव्हतेच. विषाचे तसे नाही. गेळ्याची फळे, हिंगणबेट अशा वनस्पती ठेचून आटलेल्या डोहात टाकायच्या, गुंगलेले मासे वर आले की वेचायचे, ही दख्खन-वऱ्हाडसारख्या कोरड्या प्रदेशांतली जुनी रीत. तिनेही पिले मरतात. ती निरुपद्रवी होती असे मानण्याचे कारण नाही. तथापि उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या डोहातले मासे वेचणे आणि बारमाही नदीत सुरुंग लावणे ही एकाच तराजूत तोलण्याची कृत्ये नव्हेत. सामनची नदी वर्षभर वाहते. पैनगंगा वाहत नाही. कायद्याच्या भाषेला हा फरक दिसला नाही.

पैनगंगेचे प्रकरण तर आणखी गमतीचे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले, पण मालकी निजामाचीच राहिली. म्हणून १८९७ साली बासीम, म्हणजे आजचे वाशीम, हे ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’मधले जिल्ह्याचे ठिकाण होते, काटेकोरपणे पाहता ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. कलकत्त्यात मंजूर झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकमाने लावावा लागे. पैनगंगेच्या उत्तर काठावर ब्रिटिश कारभार, दक्षिण काठावर थेट निजामाचा मुलूख, आणि मधल्या डोहातला मासा सकाळी एका राज्यात तर दुपारी दुसऱ्या. भोयाचे जाळे दोन्ही काठांना लागत असे. पुढे १९०५ मध्ये बासीम जिल्हाच मोडला गेला. वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाले ते १ जुलै १९९८ रोजी. दरम्यान नदीवर खाली इसापूरचे धरण उभे राहिले. वर चढणाऱ्या कोणत्याही माशाला धरणाची भिंत जेवढी अडविते तेवढे कुठल्याही भोयाच्या जाळ्याने कधी अडविले नसेल.

मासा राखण्याची रीत साहेबाबरोबरच आली, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे ठाणे. या डोहातले महसीर देवीचे मानले जातात; भाविक त्यांना कुरमुरे टाकतात आणि कोणी त्यांना मारीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे महादेवाच्या देवळाशीही असेच राखलेले मासे आहेत. येथे परवाना नाही, पहारेकरी नाही, हंगामाची तारीख नाही. दोष काढायचाच तर एवढा काढता येईल, की देवाचे राज्य डोहापुरते असते. त्याच्या वर आणि खाली काय होते याची जबाबदारी कोणावर नसते. पण डोह टिकले, हे नाकारता येत नाही.

विसाव्या शतकात सायक्सच्या ‘खुद्री’ला आधार मिळाला तो अनपेक्षित जागी. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले. त्यांपैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि मावळच्या शेतकऱ्यांनी दिलेला लढा सर्वज्ञात आहे. याच तलावांत डेक्कन महसीर तग धरून राहिला. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाचे प्रजनन आणि अंड्यांची वाढ यांचा अभ्यास करून १९७० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यातून लोणावळ्यास टाटांचे महसीर बीज-केंद्र उभे राहिले. माशांची अंडी काढून, फलित करून, पिले वाढवून ती ठिकठिकाणच्या नद्यांत आणि जलाशयांत सोडली जाऊ लागली. धरणाने ज्याची वाट अडविली त्याला धरणाच्याच मालकाने वाढविले. त्यात उपहास शोधणे सोपे आहे, पण ते काम खरोखर मोलाचे होते.

आणि त्याच कामाने कावेरीत घोळ केला.

कावेरीतला तो अजस्र महसीर, ज्याच्यासाठी गोरे शिकारी म्हैसूरला जात, तो ‘खुद्री’ नव्हताच. त्याच्या पाठीला उंचवटा, परांना नारिंगी झाक. दोन्ही ‘महसीर’च, दोन्ही ‘हिंदी सामन’, तेव्हा एकाच्या जागी दुसरा सोडला तर काय बिघडले, असा हिशेब झाला असावा. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या वाणाची निळसर परांची पिले कावेरीत गेली. ती रुजली, फोफावली, आणि मूळचा नारिंगी परांचा मासा दिसेनासा होऊ लागला.

हे उघडकीस आले ते गळ टाकणाऱ्यांच्याच वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गळाच्या शिबिरांत मासा धरून, नोंद करून पुन्हा सोडून देण्याची पद्धत होती. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, आणि निळ्या परांचे मासे वाढत असताना उंच पाठीचे कसे घटत गेले ते २०१५ मध्ये मांडले. दीडशे वर्षे या हौशी मंडळींनी भोयाच्या जाळ्याकडे बोट दाखविले होते. पण त्यांच्या वह्या नसत्या तर ही घसरण कोणाच्या ध्यानातही आली नसती. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

स्कॉटलंडमध्येही चित्र फार निराळे नाही. वसंतातला सामन एवढा घटला की २०१५ च्या हंगामापासून १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सामन जिवंत सोडून देणे कायद्याने बंधनकारक झाले. डी नदीवरच्या हौशी लोकांनी ही प्रथा त्याआधीच, १९९० च्या दशकात, स्वतःहून स्वीकारली होती. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ब्रिटनमधील सामनची नोंद ‘संकटग्रस्त’ वर्गात केली.

सायक्सचा ‘खुद्री’ मात्र, लोणावळ्याच्या कृपेने म्हणा, त्याच संघाच्या यादीत आज चिंतामुक्त गटात आहे. ज्या मुळा-मुठेत तो सायक्सला सापडला तेथे आता पुणे शहराचे सांडपाणी वाहते. कावेरीतल्या उंच पाठीच्या राक्षसी महसीरला दीडशे वर्षांत कोणी धड शास्त्रीय नावही दिले नव्हते. सायक्सने शिरूरजवळच्या घोड नदीतल्या भलत्याच एका माशाला दिलेले ‘मुसुल्ला’ हे नाव त्याला चुकून चिकटले होते. तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली.